दोन गावांचा लॅपटॉप

असुसच्या लॅपटॉपसोबत जी छापील पुस्तिका येते, तिच्यात एक सूचना असते: हे यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच वापरावं. पुस्तिका कोणी उघडून पाहत नाही, हा भाग निराळा. पण सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडला ही सूचना अक्षरशः पाळायची ठरवली, तर होळी झाली की लॅपटॉप कपाटात जाईल आणि मृगाचा पाऊस पडल्यावरच बाहेर येईल. उन्हाळ्यात इथे दुपारी पारा सहज चाळिशी ओलांडतो. वर पत्रे असतील, तर खोलीत बसणं माणसालाच नकोसं होतं.

टायपिंग, हिशेब, बँकेचं काम एवढ्यापुरता घेतलेला हलका लॅपटॉप हे ऊन कसंबसं निभावून नेतो. तो मुळात वीजच कमी खातो, त्यामुळे तापतोही कमी. अडचण होते ती दुसऱ्या टोकाच्या यंत्राची. १७-१८ इंची पडदा, तीन-साडेतीन किलो वजन, किंमत काही लाखांत, आणि दुकानदाराचं ठरलेलं वाक्य: ‘हा घ्या, मग डेस्कटॉपची गरजच नाही.’ दुकानांच्या भाषेत या वर्गाला ‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ म्हणतात. टेबलावरचा मोठा संगणक हटवून त्याची जागा घेणारा लॅपटॉप, असा त्याचा दावा. तो कितपत खरा आहे, हे पुण्यातल्या एसी शोरूममध्ये नीट कळत नाही. त्यासाठी दुसरबीडसारखं गाव बरं. ऊन, धूळ, वीज आणि प्रवास या चारही परीक्षा इथे एकाच घरात होतात.

हा प्राणी नेमका कसा असतो, ते एका उदाहरणावरून पाहू. एमएसआय या तैवानी कंपनीचा २०२४ सालचा ‘टायटन १८ एचएक्स’. १८ इंची फोर-के पडदा, इंटेलचा २४ कोअरचा ‘कोअर आय-९ १४९००एचएक्स’ प्रोसेसर, एनव्हिडियाचं ‘आरटीएक्स ४०९०’ ग्राफिक्स, १२८ जीबीपर्यंत रॅम, वजन ३.६ किलो. सोबत ४०० वॉटचा अडॅप्टर. त्या अडॅप्टरचंच वजन किलोभराच्या आसपास, म्हणजे पाठीवर साडेचार किलो होतात, वह्या-पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली धरलीच नाही. प्रोसेसरही लॅपटॉपसाठी वेगळा घडवलेला नाही. डेस्कटॉपसाठी केलेल्या चिपलाच कमी विजेवर बसवून ‘एचएक्स’ हे आडनाव दिलेलं असतं.

कल्पना मात्र जुनी आहे. १९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ नावाचा उचलून नेता येणारा संगणक निघाला. दहा किलोंच्या वर वजन, पाच इंची पडदा आणि बॅटरीचा पत्ताच नाही. जिथे जाल तिथे आधी प्लगपॉइंट शोधायचा. तरीही तो खपला, कारण ऑफिसचं काम घरी नेता येणं हीच त्या काळात मोठी चैन होती. पुढे क्लेव्हो या तैवानी कंपनीने डेस्कटॉपचा खराखुरा प्रोसेसर सॉकेटसकट लॅपटॉपात बसवला आणि जगभरच्या लहान ब्रँडांनी आपापली नावं चिकटवून ती यंत्रं विकली. या हौसेचा कळस म्हणजे एसरचा ‘प्रिडेटर २१ एक्स’. २१ इंची वळणदार पडदा, दोन-दोन ग्राफिक्स कार्डं, दोन अडॅप्टर, वजन साडेआठ किलोंच्या आसपास. २०१७ च्या अखेरीस तो भारतातही आला आणि किंमत होती ६,९९,९९९ रुपये. तो कोणी मांडीवर ठेवला असेल, असं वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘आरटीएक्स ५०९०’ हे नाव दोन वेगळ्या वस्तूंवर छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच. २०२५ साली आलेल्या डेस्कटॉपच्या ५०९० कार्डात २१,७६० ‘कुडा’ कोअर आहेत, ३२ जीबी मेमरी आहे आणि ते एकटं ५७५ वॉट वीज ओढू शकतं. त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये कोअर १०,४९६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मेमरी २४ जीबी. वीज जास्तीत जास्त १७५ वॉटच्या घरात. मुळात ती चिपच वेगळी आहे. डेस्कटॉपमध्ये तिच्याच कुळातली चिप ‘५०८०’ या नावाने आणि १०,७५२ कोअरसह मिळते, तीही ३६० वॉटच्या मोकळ्या पुरवठ्यावर. आधीच्या पिढीतही हाच प्रकार होता. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर होते, आणि डेस्कटॉपच्या ४०८० मध्येही बरोबर तेवढेच.

हे कायम असंच होतं, असं नाही. २०१६ साली ‘जीटीएक्स १०८०’ लॅपटॉपात आलं तेव्हा एनव्हिडियाने नावामागचं ‘एम’ हे अक्षर काढून टाकलं आणि ते शोभण्यासारखंही होतं, कारण डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोहोंत २,५६० कोअर होते. त्यानंतर डेस्कटॉपची कार्डं विजेच्या बाबतीत मोकाट सुटली. १८० वॉटवरून ४५० वर, तिथून ५७५ वर गेली. लॅपटॉप मात्र दीडशे-पावणेदोनशे वॉटपाशी अडकला, कारण चार-दोन सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून त्याहून जास्त उष्णता बाहेर काढायची कुठून? दरी वाढत गेली. नाव तेवढं एकच राहिलं.

त्यातही गंमत अशी, की एकाच चिपचे दोन लॅपटॉप सारखे निघत नाहीत. कंपनी त्या चिपला किती वॉट देते यावर सगळं ठरतं. पातळ, देखण्या लॅपटॉपात तीच चिप शंभर-सव्वाशे वॉटवर चालते, जाडजूड लॅपटॉपात पावणेदोनशेवर. शेतकरी ट्रॅक्टर घेताना बॉनेटवरचं नाव नंतर पाहतो, आधी एचपी विचारतो. लॅपटॉपच्या दुकानात मात्र तोच माणूस स्टिकरवरचा आकडा वाचून चार लाखांचा चेक फाडतो. विचारायचा प्रश्न साधा आहे: ग्राफिक्सला किती वॉट मिळतात? कंपनीच्या संकेतस्थळावर ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाने तो आकडा दिलेला असतो. विक्रेत्याला तो सांगता आला नाही, तर दुसरं दुकान पाहावं.

वॉटची गोष्ट निघाली की बॅटरीची निघतेच. या वर्गातल्या बहुतेक लॅपटॉपांची बॅटरी ९९.९ वॉट-अवर असते. शंभरला दशांशाने कमी का, याचं उत्तर विमानात आहे. शंभर वॉट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी प्रवाशाला वेगळी परवानगी न घेता सोबत नेता येते. त्यापुढे एअरलाइनची मंजुरी लागते. म्हणून कंपन्या त्या रेषेला टेकून थांबतात. आता साधा भागाकार करू. चारशे वॉटचा अडॅप्टर जेवढी वीज पुरवतो, तेवढी वीज शंभर वॉट-अवरची बॅटरी फक्त पाव तास देऊ शकेल. प्रत्यक्षात ती तेवढी देतच नाही. प्लग काढला की यंत्र स्वतःच हात आखडता घेतं, ग्राफिक्सचे वॉट निम्म्याखाली येतात, गेम अडखळायला लागतो, आणि तरीही तास-सव्वा तासात बॅटरी संपते. एसटीत बसून किंवा शेतातल्या आंब्याखाली खाट टाकून मोठा गेम खेळायचं ज्याच्या मनात असेल, त्याने हे यंत्र घेऊ नये. भिंतीजवळच राहणारं यंत्र आहे ते.

पण हीच तुटपुंजी बॅटरी दुसरबीडला कामाची ठरते.

महाराष्ट्रात शेतीच्या पंपांचा फीडर वेगळा आणि गावठाणाचा वेगळा करण्याचं काम झाल्यापासून गावातल्या घरांची वीज पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. दोन हजार दहाच्या आगेमागे बारा-बारा तास लोडशेडिंग भोगलेल्या पिढीला हा फरक चांगलाच कळतो. तरी वळवाचं वारं सुटलं, फांदी तारेवर पडली, डीपीवर फ्यूज उडाला की वीज जाते ती जातेच. डेस्कटॉप त्या क्षणी बंद पडतो. तीन तास चाललेलं रेंडरिंग गेलं, सेव्ह न केलेली फाइल गेली. डेस्कटॉपला यूपीएस लावता येतो, मान्य. पण दुकानात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साडेतीनशे वॉटच्या आसपास दम धरतो आणि ५७५ वॉटचं कार्ड बसवलेला डेस्कटॉप त्याच्यावर उभाच राहत नाही. लॅपटॉपला अशा वेळी काहीच होत नाही. वेग कमी होतो, पंख्यांचा आवाज बसतो, काम चालू राहतं. सेव्ह करून सावकाश बंद करायला वेळ मिळतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर आणखी बरं. विजेची सर्वांत मोठी मागणी साडेतीनशे-चारशे वॉटची, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि दिव्यांसोबत हा लॅपटॉप चालून जातो. १५० एएचची एक बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवरची असते. इन्व्हर्टरची घट वजा केली तरी काही तास काम निघतं. एक काळजी मात्र घ्यावी. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोठे अडॅप्टर गुणगुणतात, तापतात, कधी चालायलाच नकार देतात.

विजेच्या बिलाचाही हिशेब आहे. रोज चार तास जड काम धरलं, तर ३५० वॉटचा लॅपटॉप महिन्याला ४२ युनिटं खातो. त्या जागी सर्वांत वरचं कार्ड असलेला आणि मॉनिटर जोडलेला डेस्कटॉप ७५० वॉट धरला, तर ९० युनिटं. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटं एका टप्प्यात येतात, त्यापुढची चढ्या दराच्या टप्प्यात. घराची नेहमीची वापर-युनिटं साठ-सत्तर असतील, तर लॅपटॉपने बिल शंभरीच्या थोडं पुढे जाईल. डेस्कटॉपने ते दीडशेवर पोचेल. शिवाय ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. मे महिन्यात साडेतीनशे वॉट आणि साडेसातशे वॉट यांतला फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही न सांगता कळेल.

ऊन लॅपटॉपालाही सोडत नाही. चिप साधारण ९५ अंशांपर्यंत तापू द्यायची असं धरलं, तर २५ अंशांच्या खोलीत चिप आणि हवा यांच्यात ७० अंशांचा फरक राहतो. खोली ४० अंशांवर गेली की फरक उरतो ५५. पंखा तेवढ्याच वेगाने फिरला तरी उष्णता बाहेर पडते ती या फरकाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ एकपंचमांशाने कमी. मग यंत्र दोनच गोष्टी करू शकतं: पंखे आणखी जोरात फिरवणं, किंवा स्वतःचा वेग उतरवणं. बहुतेक वेळा दोन्ही होतं. शोरूममध्ये पाहिलेला वेग आणि मेमधल्या दुपारचा वेग यांत म्हणूनच अंतर पडतं. डेस्कटॉपच्या प्रशस्त कॅबिनेटला हाच नियम लागू आहे, पण तिथे मोठे, सावकाश फिरणारे पंखे आणि तळहाताएवढे हीटसिंक असतात, त्यामुळे हातात थोडी शिल्लक राहते. लॅपटॉपात शिल्लक अशी काही नसतेच. कंपनीने ती आधीच खर्च केलेली असते. उपाय घरगुती आहेत. जड काम पहाटे किंवा रात्री करावं. मागची बाजू दोन इंच उचलून ठेवावी. गादीवर, सतरंजीवर कधीही ठेवू नये, कारण हवा खालूनच आत जाते. कूलरची गार हवा चालते, कूलरचे उडणारे थेंब चालत नाहीत.

आणि धूळ. बुलडाणा जिल्हा सोयाबीन-कपाशीचा. ऑक्टोबरात थ्रेशर सुरू झाले की सोयाबीनचा भुसा घराघरांत पोचतो. त्यानंतर वेचलेला कापूस घरातच गंजी लावून ठेवायची पद्धत अजून मोडलेली नाही. कापसाचे तंतू लॅपटॉपच्या बारीक पंख्यांचे पक्के वैरी आहेत. पंख्यापुढच्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांवर त्यांची गादी तयार होते आणि हवा अडते. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलेला लॅपटॉप परत जाताना जास्त आवाज करू लागला, तर कारण बहुतेक हेच. डेस्कटॉपची बाजूची पत्रा-झडप काढून ब्लोअर मारता येतो. लॅपटॉपची खालची बाजू उघडायला दहा-बारा बारीक स्क्रू आणि थोडं धाडस लागतं.

उघडण्यात आणखी एक धोका दडलेला असतो आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. असुससारख्या कंपन्यांनी गेली काही वर्षं महागड्या लॅपटॉपांत चिपवर नेहमीची थर्मल पेस्ट न लावता ‘लिक्विड मेटल’ वापरायला सुरुवात केली आहे. हा गॅलियमचा मिश्रधातू असतो. उष्णता फार छान वाहून नेतो, पण वीजही वाहून नेतो. एखादा थेंब घसरून मदरबोर्डावरच्या बारीक भागांवर पडला, तर बोर्ड शॉर्ट होतो. ॲल्युमिनियमला तो लागला, तर ते पोखरतो. तालुक्याच्या गावातला मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणारा कारागीर कितीही हुशार असला, तरी आत काय आहे हे माहीत नसताना त्याने हीटसिंक उचलणं बरं नव्हे. आपल्या मॉडेलात लिक्विड मेटल आहे का, हे मालकाने स्वतः वाचून त्याला आधी सांगावं.

अर्थिंगचंही तसंच. या अडॅप्टरांना तीन पिनांची जाड वायर असते. तिसरी पिन बसत नाही म्हणून दोन पिनांच्या बोर्डात ती कशीतरी खुपसली जाते, किंवा बोर्डात तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच जोडलेली नसते. मग धातूच्या झाकणावर हात ठेवला की बारीक मुंग्या येतात. लॅपटॉप खराब निघाला म्हणून लोक दुकानात भांडतात. खरं तर आधी वायरमनला बोलवायला हवं.

एवढे सगळे दोष असूनही हे यंत्र घ्यावं कोणी?

दुसरबीडला रेल्वे नाही. जालना ते खामगाव रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी, सर्वेक्षणं झाली, रूळ काही पडले नाहीत. गावचा जिजामाता सहकारी साखर कारखानाही बंद पडला. शिकायला आणि नोकरीला बाहेर जायचं, सणाला आणि सुट्टीला परत यायचं, असा इथल्या तरुणांचा रिवाज. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यावर प्रवास थोडा सुकर झाला, रिवाज तोच राहिला. या तरुणांपैकी कोणी पुण्यात ॲनिमेशन किंवा गेम डिझाइन शिकत असेल, तर त्याला जड ग्राफिक्सचा संगणक लागतोच. पुण्यात हे क्षेत्र खरंच उभं आहे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा पुणेरी स्टुडिओने २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम ‘अनरियल इंजिन’वर तयार करून जगभर विकला. ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम करणारी ‘सुपरगेमिंग’ही पुण्याचीच. अनरियल किंवा ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलाला चार महिने कॉटबेसिसच्या खोलीत आणि दोन महिने घरी काढायचे असतील, तर कॅबिनेट, मॉनिटर आणि केबलींचा संसार एसटीच्या टपावर कसा चढवणार? वर्षातून चारेक वेळा मुक्काम हलवायचा, आणि प्रत्येक मुक्कामी आठवडेच्या आठवडे एकाच टेबलावर बसायचं, अशा आयुष्याला हा साडेतीन किलोंचा लॅपटॉप नेमका बसतो. रोज कॉलेजात न्यायचा असेल, तर तो खांदा मोडतो. एकाच घरात कायम राहायचं असेल, तर तो पैसे वाया घालवतो. दोन गावांत विभागलेल्या माणसाचं हे यंत्र आहे.

या माणसाला आणखी एक फायदा मिळतो, जो जाहिरातीत कधीच नसतो. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ या गेमसाठी अधिकृतपणे १५० जीबी जागा मागितली जाते. ‘बाल्डर्स गेट ३’ साठीही तेवढीच. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे उतरवायला पंच्याहत्तर दिवस लागतील, आणि त्या काळात घरात कोणी यूट्यूबवर कीर्तन लावायचं नाही. पुण्याच्या खोलीतल्या वाय-फायवर तेच काम एका रात्रीत होतं. गेम, प्रकल्पांच्या फाइली, सॉफ्टवेअरचे अपडेट, सगळं शहरात भरून घ्यायचं आणि गावी येऊन वापरायचं. गावी ठेवलेल्या डेस्कटॉपला हे जमत नाही.

दुसरे ग्राहक म्हणजे लग्नाचे व्हिडिओवाले. तालुक्याच्या गावांतले फोटोग्राफर आता ड्रोन आणि फोर-के कॅमेरे वापरतात आणि लगीनसराईत एकामागून एक कार्यं असतात. हळदीचं शूटिंग एका गावात, लग्न दुसऱ्या, परतणं तिसऱ्या दिवशी. मांडवातच एखाद्या खोलीत बसून रिसेप्शनपूर्वी पाच मिनिटांची झलक पडद्यावर दाखवायची असेल, तर मोठा पडदा आणि तगडं ग्राफिक्स असलेला लॅपटॉप कामाला येतो. तो भिंतीजवळच चालतो, हे त्यांना अडचणीचं नसतं. मांडवात जनरेटर असतोच.

उलट, ज्याला फक्त खेळायचं आहे त्याने थोडं थांबावं. आपल्याकडे खेड्यांत बहुतेक खेळणं मोबाइलवरच होतं. संगणकावर सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या गेमांपैकी ‘व्हॅलोरंट’ला सेकंदाला साठ फ्रेमसाठी कंपनीनेच सुचवलेलं कार्ड आहे ‘जीटी ७३०’, म्हणजे दहा वर्षांहूनही जुनं, अगदी साधं. त्यासाठी चार लाखांचा लॅपटॉप मागणाऱ्या मुलाच्या वडिलांनी हा परिच्छेद जपून ठेवावा.

पैशाचा हिशेब डेस्कटॉपच्या बाजूने एकतर्फी झुकतो. ५०८० कार्डाची भारतातली जाहीर सुरुवातीची किंमत २०२५ साली १ लाख ७ हजार रुपये होती. दुकानात जास्तच लागतात, तरी प्रोसेसर, रॅम, मॉनिटर धरून पूर्ण डेस्कटॉप ५०९० लॅपटॉपच्या जवळपास निम्म्या पैशांत उभा राहतो आणि कामाला त्याच्याहून सरस ठरतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून तो घरी जोडणारी मुलंही आता कमी नाहीत. तीन-चार वर्षांनी गेम जड झाले, तर फक्त कार्ड बदलायचं. जुनं विकून काही पैसे सुटतात.

लॅपटॉपातही असं व्हावं म्हणून एक मोठा प्रयत्न झाला होता. जानेवारी २०१९ मध्ये डेलने ‘एलियनवेअर एरिया-५१एम’ आणला. आत डेस्कटॉपचाच ‘आय-९ ९९००के’, सॉकेटात बसवलेला, आणि ग्राफिक्सची पाटी सुटी, बदलता येण्यासारखी. जोरदार मॉडेलला दोन अडॅप्टर एकाच वेळी जोडावे लागत. लोकांनी आनंदाने जोडले, कारण पुढे नवं ग्राफिक्स टाकता येईल असा भरवसा होता. पुढच्या वर्षी नवं मॉडेल निघालं आणि त्यातली नवी ग्राफिक्स जुन्या यंत्राला मिळालीच नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत एका ग्राहकाने याच मुद्द्यावर डेलविरुद्ध दावा दाखल केला. त्या प्रयोगानंतर मोठ्या कंपन्यांनी सुट्या ग्राफिक्सचा नाद जवळपास सोडला. आज रॅम आणि एसएसडी बदलता येतात, बाकी सगळं मदरबोर्डावर कायमचं डाखलेलं. ग्राफिक्स चिप गेली की एक तर संपूर्ण बोर्ड बदला, नाहीतर शहरात चिप-लेव्हल काम करणाऱ्याच्या दारात उभे राहा. वॉरंटीत असताना हे कंपनीच्या अंगावर असतं. वॉरंटी संपल्यावर बोर्डाची किंमत ऐकून नवा मध्यम लॅपटॉप घेणं स्वस्त वाटू लागतं. म्हणून असं यंत्र घेताना तीन वर्षांची वॉरंटी आणि आपल्या पिनकोडवर घरपोच सेवा मिळते का, हे दोन प्रश्न रॅमच्या आकड्याआधी विचारावेत. ‘ऑनसाइट’ असं लिहिलेलं असतं, आणि ती ‘साइट’ कधी कधी जिल्ह्याच्या ठिकाणापाशीच संपते.

मधली वाटही आहे. नावाच्या शेवटी ५० वा ६० आकडा असलेलं मधलं ग्राफिक्स बसवलेला अडीच किलोंचा लॅपटॉप सोबत ठेवायचा आणि उरलेल्या पैशांत गरज पडेल तसा डेस्कटॉप उभा करायचा. बऱ्याच लोकांचं काम यातच भागावं, असा अंदाज आहे. निदान पाठीचं तरी भागतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी बाजार मोठा आहे, कारण हौसेने घेतलेली ही यंत्रं दोन वर्षांत विकायला निघतात. पाहताना नुसता चालू करून पाहू नये. अर्धा तास जड गेम किंवा टेस्ट चालवून ग्राफिक्सचे वॉट किती टिकतात ते बघावं, दोन्ही पंख्यांचा आवाज ऐकावा, खालचं झाकण फुगलेलं नाही ना ते सपाट टेबलावर ठेवून तपासावं. सतत प्लगला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपांच्या बॅटऱ्या फुगतात. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते, पण ती लावलेली क्वचित दिसते. आणि मूळ अडॅप्टर सोबत हवाच. यूएसबी-सीच्या नव्या नियमांतही जास्तीत जास्त २४० वॉट मिळतात, चारशे नाही. मोबाइलच्या चार्जरवर हे यंत्र फार तर जिवंत राहील. पोरगं अडॅप्टर घरी विसरून पुण्याला पोचलं, तर वडिलांना तो दुसऱ्या दिवशीच्या एसटीने पार्सल करण्यावाचून इलाज नसतो.